डी बँडवरची बेल

मिरजेहून मंगलवहिनींचा, अष्टेकरच्या बायकोचा, फोन आला तेव्हा मी दुबईच्या करामा भागातल्या आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये होतो. दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या, आणि समोर पाचव्या मजल्यावरचा एक सज्जन मल्याळी शेजारी. मंदीच्या काळात मी एकट्याने सात टॉवरांची कामं कशी मिळवली, ते मी त्याला सांगत होतो. (आदल्या आठवड्यात त्यालाच पाच सांगितले होते, पण माणूस सभ्य आहे, मोजत नाही.) पिशवी खाली ठेवून फोन कानाला लावला. "भाऊजी, हे गेले," वहिनी म्हणाल्या. "दुपारी. बाथरूममध्ये..." मग मुलाने फोन घेतला आणि काय-कधी-कुठे ते सांगितलं. शेजारी पाचव्यावर उतरला, दार मिटलं, लिफ्ट परत खाली गेली, परत वर आली, आणि मी आतच. मला रडू आलं म्हणून नव्हे. मी घाबरलो होतो. मिरजेच्या त्या बाथरूममध्ये एक लाल बटण आहे, जमिनीपासून वीतभर उंचीवर. अष्टेकरने ते स्वतःच्या हातांनी बसवलेलं, पडलेल्या माणसाचा हात पोचावा म्हणून. ते दाबलं की स्वयंपाकघरात बेल वाजते... वाजायला हवी. मला एवढंच विचारायचं होतं की, वहिनी, बेल वाजली का? आणि ते विचारायची माझी छाती झाली नाही. तीन आठवडे झाली नाही.

मुकुंद अष्टेकर हा माझा दुबईतला सहकारी आणि मित्र. मी, बाबर, विकायचो; तो बसवायचा. म्हणजे मी आकाशातले तारे तोडून गिऱ्हाइकाच्या पुढ्यात ठेवायचे आणि अष्टेकरने ते भिंतीला स्क्रूने पक्के करायचे. आमचा धंदा विजेच्या तारेतून निरोप पाठवण्याचा. घरात जी तार दिवा लावते त्याच तारेवरून मीटर आपलं रीडिंग खाली तळघरात कळवतं, वेगळी तार नको की माणूस नको. ऐकायला जादू वाटते, आणि मी तर ती जादू म्हणूनच विकायचो. पण एका तारेवर सगळेच बोलायला लागले तर मासळीबाजार होतो, म्हणून युरोपातल्या लोकांनी त्या तारेची वाटणी करून ठेवली आहे. ती अष्टेकरने मला करामातल्या एका खानावळीत, थाळीवर समजावली होती. "हा भाताचा ढीग म्हणजे ए बँड, बाबर. तीनपासून पंचाण्णव किलोहर्ट्झ. वीजवाल्यांचा आणि त्यांच्या मीटरांचा. ही भाजी बी. घरातल्या कुठल्याही यंत्राने यावं नि बोलावं. ही आमटी सी. इथेही कुणीही यावं, पण आधी तार मोकळी आहे का ते ऐकायचं, मगच बोलायचं, आणि एका दमात एका सेकंदाच्या वर तार अडवायची नाही." मग त्याने ताटाच्या कडेला बोट ठेवलं. तिथे चिमूटभर मीठ होतं. "आणि हा डी. एकशे चाळीस ते एकशे साडेअठ्ठेचाळीस. एवढासाच. धोक्याच्या घंटांसाठी राखलेला. ह्यात कुणी हात घालायचा नाही." मी म्हटलं, "आणि ताटाच्या बाहेर?" तो म्हणाला, "बाहेर रेडिओवाल्यांचं घर. तिकडे सांडायचं नाही."

तो माणूस स्वतः सी बँडवर जगायचा. तुम्ही त्याला काही विचारलंत की आधी थांबायचा. तुमचं संपलं आहे, दुसरं कुणी बोलत नाही, ह्याची खात्री करायचा, आणि मग एका वाक्यात उत्तर द्यायचा. नवख्या माणसाला वाटायचं, ह्याला ऐकू येत नाही. मी बोलायला लागलो की तो घड्याळ बघायचा आणि एक बोट वर करायचा : एक सेकंद झाला. मी पुढचा अर्धा तास बोलायचो. आणखी एक खोड त्याला होती, तिच्यापायी बायकामुलं त्याच्याबरोबर मॉलमध्ये जायला लाजायची. कुठल्याही लिफ्टमध्ये शिरला की तो आधी बेलचं बटण दाबायचा आणि मोठ्याने आकडे मोजायचा. एक... दोन... तीन... आतून आवाज आला, "येस सर, एनी प्रॉब्लेम?" की म्हणायचा, "नो प्रॉब्लेम. थँक यू. तीन सेकंद." चारच्या आत उत्तर आलं तर इमारत चांगली, हा त्याचा स्वतःचा कायदा, युरोपचा नव्हे. माझी मुलगी सई तेव्हा लहान होती, ती डोळे झाकून घ्यायची. "अंकल, प्लीज, नॉट अगेन!" तो तिला म्हणायचा, "बाळा, दाबून बघितल्याशिवाय कळत नाही गं, कुणी ऐकतंय का ते."

मग मंदी आली. ती कशी आली हे मी आजवर चाळीस प्रकारे सांगितलं आहे. विमानतळाच्या पार्किंगमध्ये किल्ल्या आतच ठेवून सोडलेल्या चार हजार गाड्या मी स्वतः मोजल्या, असंही सांगितलं आहे. बायको म्हणते, त्या दिवशी तुम्ही घरी झोपला होता. पण गाड्या राहू द्या, खरी भीती फार बारीक होती. आमच्या ऑफिसात एचआरच्या बाई होत्या, त्यांच्या टेबलावर टिश्यूचा डबा असायचा. ज्या सकाळी डबा नवा कोरा दिसायचा, त्या दिवशी कुणीतरी जाणार हे आम्हाला कळायचं. सगळे पाणी प्यायच्या निमित्ताने त्यांच्या केबिनवरून जायचे आणि डबा बघून यायचे. मी दिवसाला वीस ग्लास पाणी पीत होतो... हा आकडा खरा आहे. आमच्या खिडकीतून सोळा क्रेन दिसायच्या, त्या एकेक करून थांबल्या. नोकरी गेली की व्हिसा गेला, आणि मग हातात तीस दिवस. सई तेव्हा दहावीला. परीक्षा मार्चमध्ये. ती रात्रंदिवस तक्ता करून अभ्यास करत होती आणि मी मनातल्या मनात तीस दिवस पुढे मोजत होतो. आज काढलं तर परीक्षेआधी निघावं लागेल. पुढच्या महिन्यात काढलं तर पेपर चालू असताना.

आमच्या हातात तेव्हा एकच काम उरलं होतं. दुबई मरीनात एक उंच टॉवर, खालच्या मजल्यांवर माणसं राहायला आलेली, वरच्यांवर अजून फरशा चाललेल्या. करारात लिहिलेलं होतं की सगळं युरोपच्या मानकाप्रमाणे हवं. ते वाक्य मीच घातलं होतं, वजनदार दिसतं म्हणून. पण मीटर बोलेनात. पाण्याच्या पंपांचा आणि लिफ्टच्या यंत्रांचा सगळा गोंगाट नेमका ए बँडमध्ये उतरत होता, आणि तळघरात निम्म्या मीटरांचंसुद्धा रीडिंग पोचत नव्हतं. आमचा मॅनेजर नबील, माणूस लेबनॉनचा, दिलदार, पण त्या दिवसांत तोही पाणी पीत फिरत होता. त्याने सांगून टाकलं, हा टॉवर महिनाअखेर ताब्यात दिला तर टीम राहील, नाही तर खलास. अष्टेकर तेव्हा चार दिवस अबू धाबीला दुसऱ्या साइटवर होता. आणि मी... मी साइटवर गेलो, टेक्निशियनांच्या घोळक्यात उभा राहिलो आणि छाती काढून म्हणालो, "अरे, डी बँड काय पूजेला ठेवलाय? सुट्टीच्या शुक्रवारी सकाळी रस्ता मोकळा असतो तसा मोकळा पडलाय. टाका सगळी मीटर डीवर. अष्टेकरसाहेबांशी बोलणं झालंय माझं." बोलणं झालेलं नव्हतं. मीटरांच्या चिपला ए काय आणि डी काय, सांगाल तिथे बोलते. संध्याकाळपर्यंत सगळी रीडिंग तळघरात पोचली. नबीलने मला मिठी मारली, "हबीबी, यू आर अ जीनियस!" आणि मी घरी जाऊन बायकोला सांगितलं की आज मी दुबई वाचवली.

अष्टेकर परत आला, तळघरातल्या स्क्रीनवर सगळी मीटर हिरवी बघून खूश झाला, आणि कमिशनिंगची, म्हणजे सगळं तपासून चालू केल्याची, सही करायच्या आधी त्याच्या रीतीप्रमाणे फ्लॅटमधली संकटाची बटणं दाबायला निघाला. त्या टॉवरात प्रत्येक बाथरूममध्ये तसं बटण होतं, डी बँडवरून खाली वॉचमनच्या टेबलावर दिवा लावणारं. मीही हसत-खेळत बरोबर गेलो. एकोणिसाव्या मजल्यावर एक सिंधी आजी राहायच्या. मुलगा-सून कामाला, आजी दिवसभर एकट्या. अष्टेकरने बटण दाबलं आणि फोनवर वॉचमनला विचारलं. दिवा नाही. परत दाबलं. नाही. पाच वेळा दाबलं, दोनदा लागला. आजी दारात उभ्या राहून कौतुकाने बघत होत्या. म्हणाल्या, "बेटा, वो परसों भी नहीं चला. मैं गिर गई थी ना इधर. दबाती रही, दबाती रही... फिर मैंने सोचा, सब बिझी होंगे." मुलगा ऑफिसातून येईपर्यंत त्या ओल्या फरशीवर बसून होत्या. नशीब, हाड मोडलं नव्हतं. कोपराला निळा-काळा डाग मात्र होता, तो त्यांनी पदराखाली घेतला, जणू चूक त्यांचीच होती.

अष्टेकरच्या खिशात नेहमी एक जुना ट्रान्झिस्टर असायचा, तो काढून त्याने भिंतीतल्या प्लगजवळ धरला आणि काटा फिरवला. आतून टकटक यायला लागली, घाईघाईची, एकमेकांवर पडणारी, दम न घेणारी. तीनशे मीटर एका वेळी बोलत होती. आजींचं बटण त्यांच्यात कुठेतरी ओरडत होतं. मला दरदरून घाम फुटला. एसी चालू होता, जानेवारी महिना होता, आणि माझा शर्ट पाठीला चिकटला. आजींना काही झालं असतं तर... ह्याच्या पुढे माझं डोकं जाईना. जाईना म्हणजे काय, जात होतं, मीच परत आणत होतो.

खाली मरीनाच्या पाण्याकाठी एका बाकावर मी त्याचे हात धरले. "अष्टेकर, इथे युरोप आहे का? हा नियम इथे लागू तरी आहे का? तू फक्त सही कर, आपण नंतर गुपचूप सगळं परत ए बँडवर नेऊ. सईचा मार्च पार पडू दे रे." तो थांबला, त्याच्या पद्धतीने. मग म्हणाला, "नियम युरोपचा असेल, बाबर. पण फरशी इथली आहे ना?" आणि उठला. मी मागून ओरडलो, "तुला पोरं-बाळं नाहीत का?" त्याला होतं की. त्याचा मुलगा आठवीत होता, त्याच्या शाळेचंही वर्ष अर्ध्यावर तुटणार होतं. हे मला तेव्हा ठाऊक होतं, तरीही मी ते बोललो.

दुसऱ्या दिवशी मीटिंग. टेबलावर त्याचा अहवाल. टॉवर ताब्यात देण्याजोगा नाही, असं एका वाक्यात लिहिलेलं. नबीलचा चेहरा राखेसारखा. एचआरच्या बाई कोपऱ्यात, आणि टिश्यूचा डबा नवा कोरा. नबीलने विचारलं, "मीटर डीवर कुणी टाकली?" अष्टेकरने माझ्याकडे पाहिलं. रागाने नव्हे. तार मोकळी आहे का, कुणी बोलणार आहे का, ते ऐकत होता तो. आयुष्यात मी कधी गप्प बसलो नव्हतो. लग्नात मंगलाष्टकं चालू असताना मी भटजींना गोष्ट सांगत होतो. आणि त्या दिवशी माझी जीभ टाळूला चिकटली. एक... दोन... तीन... चार. मग तो म्हणाला, "कमिशनिंग माझं आहे. सही माझी असते." बस. ह्यातला एकही शब्द खोटा नव्हता. माणूस खोटं न बोलता दुसऱ्याला वाचवू शकतो, हे मी तिथे बघितलं, आणि मला हायसं वाटलं. लाज नंतर आली. आधी हायसंच वाटलं होतं, ते लिहायला हवं.

त्याची नोकरी गेली, त्याला तीस दिवस मिळाले. त्यातले वीस त्याने त्याच टॉवरात घालवले. पंपांना आणि लिफ्टना गोंगाट गाळणारे फिल्टर बसवले, मजल्यामागून मजला मीटर परत ए बँडवर आणली, आणि प्रत्येक बाथरूमचं बटण दाबून सेकंद मोजले. मी त्याची हत्यारांची बॅग उचलून मागे मागे फिरायचो. गमती सांगायचो, तो हसायचा. शेवटच्या दिवशी आजींनी त्याला पापडांची पिशवी दिली. टॉवर दीड महिना उशिरा ताब्यात गेला, एका माणसावर भागलं म्हणून टीम राहिली, सईची परीक्षा झाली, तिला उत्तम मार्क पडले. पेढे वाटताना मी लोकांना सांगितलं की, मंदीत माझी नोकरी माझ्या हुशारीवर टिकली.

तो मिरजेला गेला. तिथे त्याने काय करावं? ज्यांची पोरं दुबईत-अमेरिकेत, अशा म्हाताऱ्या माणसांच्या घरांत लाल बटणं बसवायला लागला. आठवड्यातून एकदा माझा फोन असायचा. "काय रे, मिरजेत डी बँड कसा आहे?" मी विचारायचो. "एकदम शांत," तो म्हणायचा. "लाईट असते तेव्हा." आणि दोघं खो खो हसायचो. दरवेळी फोन ठेवताना मी ठरवायचो, पुढच्या वेळी सांगू. ते डीवर मी टाकलं होतं, तुझं नाव सांगून टाकलं होतं, आणि तुला माहीत होतं हे मला माहीत आहे. पण मग मी त्याला नवी थाप ऐकवायचो आणि वेळ निघून जायची. आणि वहिनींच्या त्या फोननंतर तोच विनोद मला छळायला लागला. दुपारची वेळ. मिरजेत दुपारी लाईट जाते. लाईट नसेल तर तारेवर बोलणार कोण, ऐकणार कोण? डोळे मिटले की ती ओली फरशी दिसायची, एकोणिसाव्या मजल्यावरची, आणि तिच्यावर आजींच्या जागी अष्टेकर बसलेला. दाबतोय, दाबतोय... आणि मग स्वतःशीच म्हणतोय, सगळे बिझी असतील.

शेवटी मिरजेला गेलो. वहिनींनी चहा ठेवला. मी बाथरूमच्या दाराकडे बघायचं टाळत होतो, आणि घर एवढंसं आहे की दुसरीकडे बघायलाच जागा नाही. आधी कबुली दिली. एका दमात, मीठ-मसाला न लावता. वहिनी कपबशी पुढे सरकवत म्हणाल्या, "ठाऊक आहे, भाऊजी. हे म्हणायचे, सांगेल तो एक दिवस. त्याची लाईन बिझी असते." मी हसलो आणि कप खाली ठेवला. मग विचारलं. "वहिनी... बेल वाजली होती का?"

"वाजली ना," त्या म्हणाल्या. "लाईट होती. पण मी गच्चीत होते हो, पापड वाळत घालत. खाली बेल वाजतेय, वाजतेय, आणि मला आधी वाटलं शेजारची. मग कळलं. जिना उतरले, चप्पल एकीकडे, मी एकीकडे... पोचले तेव्हा भिंतीला टेकून बसले होते. हात अजून बटणावर. डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, किती सेकंद?" वहिनी थांबल्या. त्यांचं बोलणं संपलं की नाही, मला कळेना. मी थांबलो. आयुष्यात पहिल्यांदा मी थांबलो. "मला काय माहीत किती ते," त्या म्हणाल्या. "मिनिटं झाली असतील. मी आपलं म्हटलं, चार. तर मान हलवली, चांगलं आहे अशी. मांडीवर डोकं घेतलं मी... भाऊजी, मी खोटं बोलले का हो त्यांच्याशी?"

ह्या विषयातला जाणकार म्हणून त्यांनी मला विचारलं असावं. मी म्हटलं, "नाही, वहिनी. चारच असतील."

करामाला परत आलो त्या दिवशी बॅग घेऊन लिफ्टमध्ये शिरलो तर आत तोच पाचव्या मजल्यावरचा शेजारी. त्याने कान देऊन, मान कलती करून वाट बघितली, आता सात टॉवरांचे नऊ होणार म्हणून. मी पुढे झालो, बेलचं बटण दाबलं आणि मोजायला लागलो. एक... दोन... तीन... चार... पाच... बिचारा घाबरून माझ्याकडे बघत होता. मी हात वर केला, थांब म्हणून. सहा... सात... खालून खरखर झाली आणि कुणीतरी झोपाळू आवाजात म्हणालं, "हां जी, बोलिये?"